बाबर यांचे वावर

"हे कुठल्या मशीनवरचं अक्षर गं?" मामांनी विचारलं.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. साताऱ्याच्या घरात फराळाची ताटं उचलून झाली होती आणि मी नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ कौतुकाने त्यांच्या हातात दिलं होतं. पुस्तक आणीबाणीतल्या तुरुंगवासाच्या आठवणींचं. शीर्षक ‘जुन्या टाइपरायटरवर बडवल्यासारखं’ हवं, एवढीच प्रकाशकांची मागणी होती. मी एक साधा देवनागरी फॉन्ट घेतला, अक्षरं थोडी वरखाली सरकवली, कडा कुरतडल्या, वरून शाईच्या शिंतोड्यांचा पोत चढवला. तासाभराचं काम. प्रकाशकांना आवडलं, लेखकालाही आवडलं.

"मशीनवरचं नाही मामा, कॉम्प्युटरवर केलंय."

"ते दिसतंय मला. पण असं उमटवणारं मशीन कधी झालंच नाही, म्हणून विचारलं."

पुस्तक त्यांनी डाव्या हातात धरलं होतं. त्या हाताची करंगळी लहानपणी विळ्याने कापल्यापासून नीट वाकत नाही, ती ताठ बाहेर राहिली होती. उजव्या हाताच्या बोटाने ते एकेक अक्षर दाखवत गेले. "हा ‘ण’ बघ, एकसंध आहे. मशीनवर ‘ण’ दोन ठोक्यांत व्हायचा. शिरोरेघ इथून तिथवर सलग कशी काय? आणि एवढी शाई बाहेर उडाली, तर ती ‘ब’च्या पोटात कशी शिरली नाही?"

मामा १९७१ पासून ४० वर्षं कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसले. प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, अर्ज, नोटिसा. त्यांच्यासमोर मी काय बोलणार? मीही कराडच्या एका टायपिंग क्लासात १९८७ साली मराठी तीस शब्दांची परीक्षा पास झालेली. ‘ण’ दोन ठोक्यांत होतो हे माझ्या बोटांना एके काळी माहीत होतं. नंतर पुण्यात डीटीपीच्या कामाला लागले, पुढे मुखपृष्ठं करू लागले, आणि बोटांनी ते सोडून दिलं. परतताना एसटीत तेच डोक्यात होतं. मग या अक्षराचा माग काढायला घेतला.

आमच्या धंद्यात या फॉन्टना ‘डिस्ट्रेस्ड टाइपरायटर’ म्हणतात. झिजलेलं, डागाळलेलं, कुठे फिकं कुठे गच्च असं अक्षर. कॅफेच्या मेन्यूकार्डावर, रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर, लग्नाच्या पत्रिकेवरही ते दिसतं. आज कुणालाही गूगल फॉन्ट्सवरून ‘स्पेशल एलीट’ फुकट उतरवून घेता येतो. तो स्मिथ-कोरोनाच्या टाइपरायटरवरच्या अक्षरावरून बेतलेला आहे. पण या कुळाचा मूळपुरुष वेगळा. त्याचं नाव ‘ट्रिक्सी’, आणि साल १९९१.

ट्रिक्सी केला एरिक व्हान ब्लोकलांड या डच तरुणाने. हेगच्या कला अकादमीत शिकलेला हा मुलगा आणि त्याचा मित्र युस्ट व्हान रोस्सुम, दोघं मिळून ‘लेटएरर’ या नावाने काम करत. नावातच अक्षर आहे आणि चूकही आहे, आणि ते नाव त्यांनी मनापासून घेतलं होतं. त्या काळी लेझर प्रिंटर नवे होते. प्रत्येक अक्षर ते बाह्यरेषेच्या सूचना वाचून कागदावर काढत, आणि हजार वेळा काढलं तरी हजारही वेळा तंतोतंत तेच. ही तंतोतंतता या दोघांना खुपत होती. ‘बिओवुल्फ’ या फॉन्टमध्ये त्यांनी रेषा काढण्याची सूचनाच बदलून टाकली. प्रिंटर प्रत्येक बिंदू जरासा इकडेतिकडे टाकायचा, त्यामुळे एकाच पानावरचे दोन ‘ए’ कधीच सारखे येत नसत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०११ साली २३ डिजिटल टाइपफेस आपल्या संग्रहात घेतले, त्यात बिओवुल्फ आहे.

त्यानंतर ट्रिक्सी. एका मैत्रिणीच्या टाइपरायटरवर उमटलेली अक्षरं व्हान ब्लोकलांडने स्कॅन केली आणि त्यांच्या खडबडीत कडांसकट बाह्यरेषा बनवल्या. ट्रिक्सी हे नाव त्या मैत्रिणीचंच. रिबन सुकल्यासारखं फिकं एक रूप, शाईने गच्च दुसरं, अशा वेगवेगळ्या तऱ्हा त्याने ठेवल्या. तोवर कॉम्प्युटरवरची अक्षरं इस्त्री केल्यासारखी होती. त्यांच्यात अचानक हे अक्षर आलं, आणि कुणाच्या तरी बोटाखालून निघाल्यासारखं दिसलं. सप्टेंबर १९९३ मध्ये अमेरिकेत ‘द एक्स-फाइल्स’ ही मालिका सुरू झाली. तिचं शीर्षक ट्रिक्सीत होतं, आणि तिथून हे अक्षर आणि ‘गोपनीय फाइल’ यांची गाठ पक्की बसली.

ट्रिक्सीत एक उणीव राहिली होती, आणि ती त्याच्या कर्त्याइतकी दुसऱ्या कुणाला टोचली नसेल. टाइपरायटरवर एका पानात शंभर ‘ई’ असतील तर शंभरही वेगळे उमटतात. बोटाचा जोर, रिबनची ओल, कागदाचा पोत, सगळं क्षणाक्षणाला बदलत असतं. फॉन्टमधल्या ‘ई’ला मात्र एकच ओरखडा असतो, आणि तो शंभर वेळा त्याच जागी उमटतो. एका शब्दात दोन ‘ई’ शेजारी आले की डोळ्याला लगेच कळतं. २००८ साली व्हान ब्लोकलांडने ट्रिक्सी पुन्हा केला. एकेका अक्षराची अनेक रूपं, त्यांची आपोआप होणारी अदलाबदल, ओळीत किंचित वरखाली बसणं. सतरा वर्षांनी परत येऊन आपलंच काम दुरुस्त करणारा कारागीर मला फार मोठा वाटतो.

टाइपरायटरच्या डागांची नक्कल मात्र त्याच्याआधी फार पूर्वीच सुरू झाली होती, आणि तीही शिशाच्या खिळ्यांत.

शोल्स आणि ग्लिडन यांचं यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली बाजारात आणलं. त्यावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरं होती. शिफ्ट आली १८७८च्या दुसऱ्या मॉडेलवर. या सुरुवातीच्या यंत्रांत खिळे खालून वर येऊन रोलरच्या पोटावर आपटत, त्यामुळे आपण काय टाइप करतोय ते करणाऱ्याला दिसतच नसे. तरीही हे यंत्र कचेऱ्यांत भराभर शिरलं आणि टाइप केलेल्या पत्राला एक मान आला. हे पत्र खास तुमच्यासाठी कुणीतरी बसून बडवलंय, असा त्याचा अर्थ झाला. व्यापाऱ्यांनी हे हेरलं. हजारो गिऱ्हाइकांना जाहिरातीचं एकच पत्रक पाठवायचं, पण ते प्रत्येकाला स्वतंत्र टाइप केलेलं वाटलं पाहिजे. मग खिळे ओतणाऱ्या अमेरिकन कारखान्यांनी टाइपरायटरच्या अक्षरांसारखे छपाईचे खिळे काढले. त्यातला एक प्रकार होता ‘रिबनफेस’. कापडी रिबनच्या विणीचा ठसा त्यात खिळ्यातच ओतलेला असे, म्हणजे छापलेलं अक्षर रिबनमधून आल्यासारखं जाळीदार दिसे. काही यंत्रं खिळे आणि कागद यांच्यामध्ये खरीच शाईची फीत ताणून छापत. वर गिऱ्हाइकाचं नाव तेवढं खऱ्या टाइपरायटरवर भरायचं आणि दोन्हींचा रंग जुळवायचा. हे वाचलं आणि कॉम्प्युटरवर पोत चढवणारी मी एकटी नाही, माझ्याआधी तीन पिढ्या हेच करत आल्यात, हे लक्षात आलं.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून यंत्र हळूहळू हाताला बाजूला करत गेलं. १९५५ साली आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी ‘कुरिअर’ हे अक्षर काढलं, पुढे जगभरच्या कचेऱ्यांत आणि सिनेमाच्या पटकथांत ते स्थिरावलं. १९६१ साली आयबीएमचाच सिलेक्ट्रिक आला. त्यात खिळ्यांच्या दांड्या नव्हत्या, गोल्फच्या चेंडूएवढा एक गोळा फिरून ठोका मारायचा. करंगळीने दाबा की तर्जनीने, ठोक्याचा जोर सारखाच. १९७४ सालचा ‘अमेरिकन टाइपरायटर’ तर यंत्राशी नातं फक्त आठवणीपुरतं ठेवतो. मिल्टन ग्लेझरच्या ‘आय लव्ह न्यूयॉर्क’ या बोधचिन्हातलं अक्षर तेच. मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती ‘कुरिअर न्यू’ची गोष्ट. १९९२ पासून विंडोजबरोबर आलेला हा फॉन्ट इतका किडकिडीत का दिसतो, हे मी डीटीपीच्या दिवसांत अनेकांना विचारलं होतं. कारण असं की त्याचा आकार सिलेक्ट्रिकच्या गोळ्यावरच्या धातूच्या अक्षराबरहुकूम घेतला गेला. धातूचं अक्षर मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं. रिबन, ठोका आणि कागद मिळून ते जाड करतात. शाई पसरते हे हिशोबात धरलं नाही, आणि अक्षराचा नुसता सांगाडा पडद्यावर आला.

अक्षराचे दोष हा पुरावा असतो, हे पोलिसांच्या आधी कथाकाराला कळलं. कॉनन डॉयल यांच्या १८९१ सालच्या ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’ या कथेत शेरलॉक होम्स एका माणसाला त्याच्या टाइपरायटरवरून पकडतो. त्याचा ‘ई’ पुसट येत असतो आणि ‘आर’चं शेपूट तुटलेलं असतं. मग हे प्रत्यक्षात आलं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातले माजी अधिकारी अल्जर हिस यांच्यावर हेरगिरीचा आरोप झाला, तेव्हा खटला फिरला एका वूडस्टॉक टाइपरायटरभोवती. गुप्त कागदांच्या टाइप केलेल्या नकला आणि हिस कुटुंबाची घरगुती पत्रं यांतले अक्षरदोष जुळतात, असं तज्ज्ञांनी सांगितलं. जानेवारी १९५० मध्ये खोट्या साक्षीबद्दल हिस दोषी ठरले. रुमानियात चाउसेस्कूच्या राजवटीने १९८३ साली हुकूम काढला की टाइपरायटर बाळगणाऱ्याने पोलिसांत नोंद करायची आणि दर वर्षी आपल्या यंत्रावरच्या अक्षरांचा नमुना जमा करायचा. हाताच्या दहा बोटांचे ठसे घेतात, तसे यंत्राचे.

ही माहिती मी मामांना फोनवर वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे नोंद नव्हती, पण आमची अक्षरं पोलिसांना तोंडपाठ होती. अर्ज रोज त्यांच्याकडेच जायचे ना."

आणि मग त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. १९७६ सालच्या पावसाळ्यात एक ओळखीचे गुरुजी रात्री घरी आले होते. सोबत एक मजकूर आणि दोन कोऱ्या स्टेन्सिल. आणीबाणीत छापखान्यांवर नजर होती, म्हणून भूमिगत पत्रकं सायक्लोस्टाइल करून वाटली जात. त्यासाठी स्टेन्सिल टाइप करून देणारा भरवशाचा माणूस लागायचा. मामा तयार झाले, पण स्वतःच्या मशीनवर नाही. त्यांच्या मशीनचा ‘ह’ डावीकडे झुकायचा आणि अनुस्वार अर्धाच उमटायचा, हे ठाण्यातल्या कारकुनाला माहीत होतं. एका बंद पडलेल्या पतपेढीचं जुनं मशीन त्यांनी चार दिवसांसाठी मिळवलं, दोन रात्रीत स्टेन्सिल कापल्या आणि मशीन परत पोचवलं. मामींनाही सांगितलं नाही.

"म्हणून तर मी मुखपृष्ठ एवढं निरखून बघत होतो," ते म्हणाले. मला त्या क्षणी स्वतःच्या त्या तासाभराच्या कामाचं फार वाईट वाटलं.

इथून पुढे मी इंग्रजी फॉन्ट बाजूला ठेवले आणि मराठी मशीनच्या मागे लागले.

महाराष्ट्र राज्य १९६० साली झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं, आणि १९६४ साली राजभाषा अधिनियम आला. सरकारी कागद मराठीत व्हायचे म्हणजे मराठी टाइपरायटर हवेत आणि ते चालवणारे हात हवेत. गावोगावी टंकलेखन संस्था निघाल्या. गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला होता. रेमिंग्टनची यंत्रंही होतीच. कळा चव्वेचाळीस ते शेहेचाळीस, प्रत्येकीवर दोन चिन्हं. म्हणजे जेमतेम नव्वद जागा. छापखान्यातल्या देवनागरीला कित्येक शे खिळे लागत. त्या नव्वद जागांत सगळी बाराखडी, जोडाक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं बसवायची होती. लिपीसुधारणेच्या चळवळीमागेही हीच अडचण होती. सावरकरांच्या लिपीत ‘अिकडे’, ‘अुद्या’ असं लिहीत आणि ‘किर्लोस्कर’ मासिक काही काळ तसं छापलं जाई, त्याचं एक मोठं कारण म्हणजे खिळे वाचवणं. माझ्या आजीच्या कपाटात तसले अंक होते. लहानपणी मला तो अशुद्धपणा वाटायचा.

टाइपरायटरने यावर काढलेला मार्ग मला फार देखणा वाटतो. काना हे स्वतंत्र चिन्ह. जी अक्षरं काना लावून पुरी होतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा फक्त अर्धा भाग कळीवर ठेवायचा. अर्धा ‘ण’ अधिक काना म्हणजे ‘ण’. अर्धा ‘श’ अधिक काना म्हणजे ‘श’. ‘ध’, ‘ख’, ‘भ’ असेच. रोजच्या अक्षरांना, म्हणजे क, त, म, न, स, च, प यांना, पूर्ण रूप साध्या ठोक्यावर आणि अर्धं रूप त्याच कळीच्या शिफ्टवर. वेलांटी-मात्रांच्या काही कळा दाबल्या तर गाडा पुढे सरकतच नाही, म्हणजे मात्रा आधीच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते. पहिली वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप करायची.

आता यातून दोष कुठले निघतात ते बघा. इंग्रजी मशीनवर सगळ्यात जास्त ‘ई’ झिजतो. मराठीवर सगळ्यात जास्त मार खातो तो काना. कान्याची दांडी केसभर उजवीकडे सरकली की ‘काका’ला काही होत नाही, नुसतं अंतर वाढल्यासारखं वाटतं. पण ‘ण’, ‘श’, ‘ध’ मधोमध चिरतात, कारण कान्याशिवाय ते अपुरे आहेत. इंग्रजीत शिफ्टवर मोठी अक्षरं असतात आणि ती शब्दाच्या सुरुवातीला येतात, म्हणून शिफ्ट बिघडली की ओळीतलं एखादं पहिलं अक्षर उडतं. मराठीत शिफ्टवर अर्धी अक्षरं असतात आणि ती शब्दाच्या पोटात येतात. शिफ्ट पुरी दाबली गेली नाही तर ‘आमच्या’मधला अर्धा ‘च’ वर उडतो आणि शिरोरेषेची पायरी होते. शिरोरेषा एरवीही सलग नसतेच, दर अक्षरापाशी तिचा सांधा दिसतो. मी मुखपृष्ठावर यातलं काहीच केलं नव्हतं. इंग्रजी मशीनचे डाग मी मराठी अक्षरावर शिंपडले होते.

आणि पोटं. ‘ब’ आणि ‘व’ यांत फरक काय? पोटातली एक तिरकी रेघ. खिळ्यात मळ साचला, रिबनची धुळकट शाई बसली, की पोट भरतं आणि ‘ब’चा ‘व’ की ‘व’चा ‘ब’ ते सांगता येत नाही. आमच्या भागात बाबर हे आडनाव आहे आणि शेताला वावर म्हणतात. मामा सांगतात, खरेदीखतात ‘बाबर यांचे वावर’ लिहायची वेळ आली की ते आधी उठून मशीन पुसायचे.

मी ठरवलं, मामांच्याच मशीनचा फॉन्ट करायचा. गेल्या उन्हाळ्यात मे महिन्यात साताऱ्याला गेले. माळ्यावरून मशीन खाली काढलं. मेणकापडाचं कव्हर, आत गोदरेज, रोलर दगडासारखा कडक झालेला. गोदरेजचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं. शेवटी शेवटी हे टाइपरायटर इथून जवळ शिरवळला बनत. मामांनी स्वतःचं काम थांबवलं त्याच वर्षी, २०११ मध्ये, सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी आली की आता टाइपरायटर संपले. रिबन मी पुण्याहून नेली होती. ती चढवून झाली, आणि मामांनी रॉकेलची वाटी, जुना दात घासायचा ब्रश आणि टाचणी मागवली.

"मामा, पुसू नका! मला हेच हवंय. भरलेली पोटं, मळ, सगळं."

"घाण अक्षर?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण मी त्यांना काहीतरी न शोभणारं करायला सांगतेय, हे मला कळलं. "पोरी, चाळीस वर्षं रोज सकाळी नऊला मी हे खिळे घासलेत. घाण अक्षरापायी कुणाचं वावर कुणाच्या नावावर गेलं असतं. तुझ्या त्या परदेशी फॉन्टवाल्यांना मळ आवडतो, ठीक आहे. पण हे मशीन माझं आहे."

शेवटी तोडगा निघाला. आधी मळकट खिळ्यांनी एक कागद, मग घासून दुसरा. दोन्ही फुलस्केपवर तोच मजकूर: सगळी मुळाक्षरं, बाराखडी, सगळी जोडाक्षरं, आणि खाली त्यांनी आपणहून घातलेली एक ओळ, ‘श्री. बाबर यांच्या मालकीचे वावर’. पहिल्या कागदावर ती ‘श्री. वावर यांच्या मालकीचे वावर’ अशी उमटली. मग त्यांनी तासभर टाचणीने एकेक पोट कोरलं. दुसऱ्या कागदावर ‘ब’ची रेघ केसासारखी स्वच्छ आली.

रात्री दोन्ही कागद मी लॅपटॉपवर मोठे करून शेजारी ठेवले. मला वाटलं होतं पहिला कागद जिवंत दिसेल आणि दुसरा निर्जीव. उलट झालं. पहिल्यात सगळी अक्षरं सारखीच भरलेली होती, असा मळ कुठल्याही मशीनवर साचतो. दुसऱ्यात मळ गेल्यावर मशीनचा स्वभाव वर आला होता. झुकलेला ‘ह’. अर्धा अनुस्वार. ‘ण’मधली फट. आणि ‘यांच्या’मधला अर्धा ‘च’ शिरोरेषेच्या वर उडालेला. अर्धा ‘स’, अर्धा ‘न’, अर्धा ‘प’ तसेच वर. पण अर्धा ‘त’, अर्धा ‘क’, अर्धा ‘म’ सरळ ओळीत होते.

शिफ्ट बिघडली असती तर सगळेच उडाले असते. मी माझा हात टेबलावर ठेवून क्लासातल्यासारखी बोटं फिरवली. क, त, म डाव्या हाताकडे. त्यांच्यासाठी शिफ्ट उजव्या करंगळीने दाबायची. च, स, न, प उजव्या हाताकडे. त्यांच्यासाठी शिफ्ट डाव्या करंगळीने.

सकाळी मी चहा घेताना त्यांना दाखवलं. त्यांनी कागद खिडकीशी नेला, बऱ्याच वेळाने डावा हात वर करून ती ताठ करंगळी बघितली. मग काही न बोलता आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा हातात एक पिवळा पडलेला सायक्लोस्टाइलचा कागद होता, चार घड्या घातलेला, कडेला वाळवी लागलेली. १९७६ सालचा. एवढी वर्षं त्यांनी एक प्रत ठेवली होती.

‘ह’ सरळ होता. अनुस्वार पूर्ण होते. मशीन खरंच दुसरं होतं. मी बोट फिरवत ‘आमच्या’ शोधलं, मग ‘स्वातंत्र्य’, मग ‘जन्म’. ‘च’ वर, ‘स’ वर, ‘न’ वर. ‘तुरुंगात्मक’ असा एक विचित्र शब्द होता, त्यातला अर्धा ‘त’ ओळीत.

मामांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"म्हणजे बघितलं असतं कुणी नीट," ते म्हणाले, "तर सापडलोच असतो की मी."